ओझे कोणाच्या डोक्यावर?

परवाच्या एकादशीस पुरुषोत्तमनगरात कीर्तनसेवा घडली. निरूपणात तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीच्या डोहात सोडली तो प्रसंग आला, मंडळी डोलली. आरतीनंतर बुक्का लावताना एका ऊसकरी शेतकऱ्याने हळूच विचारले, "महाराज, तुकोबांनी आपले कागद बुडवले. आमचे कागद सोसायटीत आहेत, ते कोण बुडवणार?" सारे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र डोळा लागेना.

आम्ही कीर्तनकार 'संग्रह सोडा' म्हणून सांगत सुटतो. सांगतो कोणाला? ज्याच्या कणगीचा तळ दिसतो आहे त्यालाच!

त्या रात्री रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. आपल्या मासिकात हे पाद्री कोठून आले, असे कोणी विचारील. तर ते तुकोबांच्याच वाटेने आले. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावी. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतःच म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली ते गेले.

ख्रिस्ताने एका सधन शेतकऱ्याचा दृष्टांत सांगितला आहे. पीक मातले तसा तो म्हणाला, जुनी कोठारे पाडीन, मोठी बांधीन, मग खाऊनपिऊन स्वस्थ बसेन. त्याच रात्री त्याला बोलावणे आले. त्याचे बोलणे नीट ऐका. सगळे 'मी' आणि 'माझे'. त्यात शेजारी नाही, गडी नाही, घरची माणसेसुद्धा नाहीत. धान्य पिकले हा काही त्याचा अपराध नव्हे.

त्याच ख्रिस्ताने शिष्यांना गावोगाव धाडताना बजावले की झोळी नको, पैसा नको, दुसरा अंगरखा नको. जे घर तुम्हाला घेईल तेथे राहा. वारकऱ्याला हे नवे नाही. मुक्ताईची पालखी आपल्या खानदेशातून महिनाभर चालत पंढरीस जाते, आणि पाठीवर एक पडशी पुरते. का पुरते? वाटेवरच्या गावात कोणाची तरी चूल पेटलेली असते म्हणून. चालणाऱ्याचा असंग्रह हा बसलेल्याच्या कणगीवर उभा असतो, हे आपण विसरतो.

टिळकांच्या घरी ती चूल लक्ष्मीबाईंनी सांभाळली. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. आला तसा तो दुसऱ्याच्या हाती जाई. त्या संसाराची हकिकत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मांडली आहे. १९३४ पासून ती भागाभागाने निघाली. पुस्तकात रडगाणे नाही, हसू पुष्कळ आहे. पण त्यागाच्या वहीतली खर्चाची बाजू कोणी भरली ते लपत नाही.

आणि आमची जिजाई? भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणाऱ्या त्या माउलीला कजाग ठरवून आम्ही शतकानुशतके लोकांना हसवतो. मीही हसवले आहे. पोरांच्या पोटाची काळजी वाहणे हे कजागपण कसे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

कर्जखतांची कथा मात्र पुन्हा नीट पाहिली. परंपरा सांगते की तुकोबांनी निम्मी खते भाऊ कान्होबाच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या हिश्श्याचा त्याग त्यांनी केला नाही. आणि जी खते बुडाली, त्यांखाली दबलेली कुळे त्या दिवशी मोकळी झाली. आपले हात रिकामे करताना दुसऱ्याची मानही सुटली. टाकलेले ओझे घरच्यांच्या डोक्यावर गेले की कोणाच्या डोक्यावरून उतरले, एवढे पाहिले तरी पुष्कळ त्याग उघडे पडतील.

सोसायटीच्या कागदांचे मी काय करणार? पण माझ्या पोथीतही एक चिठ्ठी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी सातपुड्यातून ऊसतोडीस आलेल्या एका गड्याने तीन हजार नेले होते. पोराच्या दुखण्यासाठी नेले, फिटले नाहीत. आणि तो आता समोरून येताना दिसला की वाट बदलतो.

सकाळी ती चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. म्हटले, प्रकाशाला जाऊन ही तापीत सोडावी असे मनात आहे. पैसा दोघांचा आहे, तुझे काय म्हणणे?

भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "विचारलंत हे बरं केलंत. पण तापीपर्यंत कशाला जाता? चूल पेटलेली आहे."