भयाचें वातावरण

श्रावणांत हरिश्चंद्रगडावरील कोंकणकड्यापाशीं जो उभा राहिला असेल, त्यास धुक्याचें सामर्थ्य सांगावयास नको. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील हा गड १,४२४ मीटर उंच. कडा अर्धवर्तुळाकार, आंत वळलेला. स्वच्छ दिवशीं दरी दिसते व मनुष्य पाऊल मोजून टाकतो. धुकें भरलें म्हणजे दरी नाहींशी होते, आणि तिच्या जागीं भीति उभी राहते.

गेल्या वर्षीं माझ्या पुतण्यानें ‘सायलेंट हिल’ नांवाचा १९९९ सालचा जपानी व्हिडिओ गेम मजपुढें मांडला. त्यांतील गांवही धुक्यानें भरलेलें. त्या काळच्या प्लेस्टेशन यंत्रास दूरचीं घरें व रस्ते एकदम काढून दाखवितां येत नसत. ती उणीव झांकण्यास हें धुकें कामीं आलें. कोंकणकड्याच्या धुक्याआड खरोखर दरी असते, या धुक्याआड कांहींच नसतें. तरी छातींतली धडधड सारखीच! नायकाजवळचा लहानसा रेडिओ राक्षस जवळ येतांच खरखरूं लागतो, आणि राक्षस दिसण्यापूर्वींच आपण अर्धे गळून जातों.

परंतु जें दिसत नाहीं त्याचें भय, एवढ्यानें माझें समाधान होत नाहीं. तसें असतें तर वीज गेलेली प्रत्येक खोली भयानक झाली असती. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भयानक रसाचीं कारणें सांगतांना भरतमुनींनीं विकृत आवाज, अरण्य, ओसाड घर हीं तर घेतलींच. पण त्याच पंक्तीस गुरूचा वा राजाचा केलेला अपराधही बसविला. हा पाहुणा मला तेथें नेहमीं उपरा वाटे. ओसाड घराचें आणि अपराधाचें नातें काय?

तें मला याच खेळाच्या २००१ सालच्या दुसऱ्या भागांत उमगलें. मृत पत्नीचें पत्र आलें म्हणून जेम्स नांवाचा गृहस्थ त्या गांवीं तिला शोधीत येतो. शेवटीं कळतें कीं, आजारी पत्नीस त्यानेंच मारलें होतें. मग तें ओसाड रुग्णालय, तीं बंद दारें, सारें कांहीं त्यानें स्वतःपासून लपविलेल्या कृत्याभोंवतीं रचलेलें दिसूं लागतें. कथेंत दार लेखक उघडतो. खेळांत कडी माझ्या हातीं. मी कळ दाबली नाहीं, तर जेम्स जिन्यावर तसाच उभा राहील व त्याचा अपराधही झांकलेला राहील.

निरपराध मनुष्यास असला खेळ भिववील काय, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, मात्र तसा मनुष्य शोधून आणण्याची जबाबदारी त्याचीच.

एका दारापाशीं मी बराच वेळ थांबलों. त्या वेळीं मला राक्षस आठवत नव्हता. फार वर्षांपूर्वीं एका आजारी मित्रानें भेटीस बोलाविणारें पत्र पाठविलें होतें व मी त्यास उत्तर दिलें नव्हतें, तें आठवत होतें. “काका, पुढें चला ना, खेळच आहे हा,” असें म्हणून पुतण्यानें माझ्या हातांतलें यंत्र घेतलें आणि दार उघडलें.