जर्मनसाठी इंग्रजीचा वळसा कशाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आकडा होता १०,००० तरुणांचा, त्यात परिचारिकाही आल्या. कराराचे पुढे काय व्हायचे ते होवो, पण त्याने एक जुना प्रश्न उघडा पाडला. आपल्याकडे जर्मन रुजली ती पुण्या-मुंबईत, मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत. तिथे अडले की समजवायला इंग्रजी हाताशी असे. छत्तीसगडला लागून असलेल्या सालेकसा तालुक्यातल्या मुलीला जर्मन शिकवायची, तर ती कशातून? इंग्रजी कच्ची असेल तर जर्मनच्या नादी लागू नकोस, असे सांगणारे तिला भेटतातच. मला हा सल्ला उफराटा वाटतो.

पहिल्याच पातळीवर येणारी स्वामित्वदर्शक विशेषणे घ्या. इंग्रजी ‘हिज’ला मालक पुरुष आहे एवढेच ठाऊक, पुढे भाऊ येवो की बहीण, शब्द तोच. हिंदी ‘उसका-उसकी’ वस्तूचे लिंग सांगते, मालकाचे नाही. मराठी दोन्ही सांगते: त्याचा भाऊ, त्याची बहीण, तिचा भाऊ, तिची बहीण. जर्मनही तेच करते: झाइन ब्रूडर, झाइने श्वेस्टर, ईअर ब्रूडर, ईअरे श्वेस्टर. ‘माझा भाऊ’चे ‘माझ्या भावाला’ होते, तसे ‘माइन ब्रूडर’चे ‘माइनेम ब्रूडर’. लिंगेही दोन्हीकडे तीनच. ती जुळत नाहीत, हे खरे. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. ती पाठच करावी लागतात. पण शब्दाचे लिंग बदलले की विशेषण बदलते, हे मराठी मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही.

क्रियापदांत तर इंग्रजी चक्क फसवते. ‘म्युसेन’ म्हणजे ‘मस्ट’ असे एकदा घोकले, की ‘म्युसेन निश्ट’ म्हणजे ‘मस्ट नॉट’, मनाई, असेच वाटते. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘गरज नाही’. मनाईला ‘ड्युर्फेन निश्ट’. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला ‘उठायचं नाही’ सांगायचे असताना परिचारिका ‘उठावं लागत नाही’ म्हणाली, तर तो उठेलही. ‘म्युसेन’ला ‘लागणे’शी जोडले असते, तर नकारातही अर्थ बरोबर आला असता. वाक्यरचनाही पाहा: ‘इश मुस हॉइटे नाख गोंदिया फारेन.’ आज, गोंदियाला, जाणे, क्रम आपलाच. फक्त ‘मुस’ पुढे सरकते आणि आपल्या ‘मला’च्या जागी ‘मी’ येतो. या ‘मी’वर मात्र शिक्षकाने वेळ द्यायला हवा, कारण मराठी मुलांची चूक तिथे होणार.

सालेकसा भागातल्या अनेक घरांत मराठी बोलत नाहीत. गोंडी, छत्तीसगढी, पोवारी बोलतात, हा आक्षेप रास्त आहे. छत्तीसगढीत व्याकरणिक लिंगाचा जाच नाही, गोंडीची लिंगव्यवस्था वेगळीच. पण अशा घरातल्या मुलीने शाळेत मराठीची तीन लिंगे परकी म्हणूनच आत्मसात केलेली असतात. म्हणजे जर्मनला लागणारी मेहनत तिने एकदा केलेली आहे, आणि तीही पुण्यातल्या मराठी मुलापेक्षा अधिक जाणीवपूर्वक. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आधी हे यावे: मराठी आणि जर्मन रूपांचे तक्ते शेजारी-शेजारी, आणि चूक तपासताना ती कुठल्या भाषेतून आली याची नोंद.