नागसेनवनातला ग्रीक राजा

आपल्याकडे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास थेलीसपासून सुरू होतो. मग सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल. पुढे देकार्त, ह्यूम, कांट. ग. ना. जोशी यांच्या तीन खंडांनी हा सगळा पट मराठीत आणला. मराठवाड्यात शिकणाऱ्या माझ्यासारख्याला त्या खंडांचा केवढा आधार होता! तरी वाचताना वाटत राही, की ही मंडळी दूरची. आपण त्यांची मतं समजून घ्यायची आणि परीक्षेत लिहायची.

हा दुरावा नागसेनवनात ओसरत गेला. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय उभं केलं, त्याला मिलिंदाचं नाव आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. आणि परिसराला नाव आहे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या नागसेन या भिक्खूचं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन वादासाठी अट घालतो : पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात मत खोडलं गेलं तरी कुणी रागावत नाही. राजाला विरोध केला की शिक्षा होते. मिलिंद ही अट मान्य करतो. या ग्रंथामागे ग्रीक संवादांचा नमुना असावा, असं इतिहासकार डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ साली सुचवलं, त्यावर बरीच चर्चा झाली. मला मात्र ती अटच अधिक मोलाची वाटते. ज्या समाजाला शतकानुशतकं प्रश्न विचारण्याचीच शिक्षा होत होती, त्या समाजातली मुलं इथे शिकायला येणार होती.

हा दुरावा कमी करणारा दुसरा धागा कोलंबिया विद्यापीठातला. तिथे आंबेडकर अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले. ड्यूईंच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ची त्यांची प्रत खुणांनी भरलेली आहे. समाजातल्या गटांमध्ये अनुभवांची मोकळी देवाणघेवाण हवी, दोन्हीकडून झिरपणं हवं, या विचाराला ड्यूईंनी ‘सोशल एन्डॉस्मॉसिस’ म्हटलं होतं. १९१९ साली मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढे साक्ष देताना आंबेडकरांनी हीच कल्पना वापरली आणि १९३६च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्येही. ड्यूईंच्या पुस्तकात ती प्रामुख्याने वर्गभेदाच्या संदर्भात येते. आंबेडकरांनी ती जातीच्या भिंतीला लावून पाहिली, आणि तिची धार वाढली.

अशा ठिकाणी गुरूचा प्रभाव शिष्यावर पडला एवढंच नोंदवून थांबणं मला अपुरं वाटतं. वाचकाने काय घेतलं, काय सोडलं, कुठे वळवलं, हे मूळ प्रती समोर ठेवून ओळीओळीने तपासायला हवं. स्कॉट स्ट्राउड यांच्यासारख्या अमेरिकी अभ्यासकाने ते चिकाटीने केलं आहे. आंबेडकरांच्या संग्रहातल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांवरच्या खुणांची संपादित, टिपांसह मराठी आवृत्ती निघावी, आणि ते काम नागसेनवनात शिकलेल्या मुलामुलींनी हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.