जाहिरात घराची असावी

एप्रिल-मे लागला की पुण्यात भाड्याच्या घरांच्या जाहिराती वाढतात. सोसायटीच्या फलकावर, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर त्या दिसू लागतात. ‘वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट, पाणी चोवीस तास.’ इथपर्यंत जाहिरात घराबद्दल बोलते. पुढच्याच ओळीत ती माणसांबद्दल बोलू लागते. ‘फक्त फॅमिली. शाकाहारीच. बॅचलर चालणार नाहीत.’ जे छापायला संकोच वाटतो ते फोनवर विचारलं जातं. ‘आडनाव काय म्हणालात?’ आडनाव कानी पडलं की घर ‘कालच गेलेलं’ असतं.

भाडेकरू शोधण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगं आहे असं चांगल्या, सुशिक्षित, देवाधर्माला मानणाऱ्या घरमालकांनाही वाटत नाही. माझं म्हणणं त्यांच्याशीच आहे. रिकाम्या घराची जाहिरात करणं हा मालकाचा हक्क आहे. त्या जाहिरातीतून एखाद्या समाजाला दार बंद असल्याचं जाहीर करणं हा अन्याय आहे आणि तो आपण थांबवला पाहिजे.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन इथलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांतच डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे ठाकले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला फर्मावून गेले. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगून टाळलं. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कित्येक तास तिथल्या सार्वजनिक बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सारं लिहून ठेवलं आहे. मला त्यातली काठी जितकी बोचते तितकंच त्या दोन मित्रांचं सभ्य टाळणंही बोचतं. आजचा ‘कालच गेलं हो घर’ हा नकार त्या सभ्यपणाच्याच जातीचा आहे.

याच महाराष्ट्राला दुसरी परंपराही आहे. 1849 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना शिकवण्याच्या कामापायी वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा पुण्यात त्यांना आपल्या घरात जागा दिली उस्मान शेख यांनी. आपण ज्या शिक्षणक्रांतीचा अभिमान मिरवतो, तिला अडचणीच्या काळात छप्पर एका मुसलमान घरमालकाने दिलं. आज त्याच शहरात मुसलमान नाव सांगून भाड्याचं घर शोधायला निघालेल्या तरुण जोडप्याला काय ऐकावं लागतं, हे कुठल्याही एजंटला विचारा.

सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी महिलेला, मराठी माणसांना इथे जागा देत नाही, असं तोंडावर सांगण्यात आलं. साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप रास्तच होता. आपल्याच राज्यात आपल्या भाषेमुळे दार लावलं जावं, यासारखा अपमान नाही. मग नांदेडहून, लातूरहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या पोराला पेठेतल्या मराठी मालकाने आडनावावरून परत पाठवलं, तर तो अपमान कसा कमी होतो? त्या पोराला शेवटी कॉट बेसिसवर आठ जणांच्या खोलीत राहावं लागतं, कारण स्वतंत्र खोली परवडत असूनही मिळत नाही. घटस्फोट झालेल्या बाईला ‘एकट्या का राहता?’ याचं उत्तर अनोळखी माणसाला द्यावं लागतं.

मालकांची बाजू मी नाकारत नाही. आयुष्यभराची कमाई एका फ्लॅटमध्ये अडकलेली असते. भाडं थकलं तर? जागा सोडली नाही तर? जुन्या भाडे नियंत्रण कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली घरं लोकांनी पाहिली आहेत. त्या भीतीपायी कित्येक जण घर कुलूप लावून ठेवतात. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आढळली. सगळीच काही भीतीपोटी रिकामी नव्हती, पण भीतीचा वाटा त्यात नक्की होता.

या भीतीवर आडनाव हा इलाज मात्र नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये तिच्यासाठी नेमक्या तरतुदी आहेत. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हटला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. स्वजातीचा, ओळखीतला, ‘आपल्यातलाच’ भाडेकरू म्हणून करार तोंडी ठेवणारा मालक जास्त धोक्यात असतो. नोंदणीकृत करार, पोलिसांकडे दिलेली माहिती, नोकरीचा किंवा उत्पन्नाचा पुरावा, आधीच्या घरमालकाशी केलेला एक फोन, एवढं पाहिलं की माणूस पुरेसा कळतो. जात विचारून त्यात काहीच भर पडत नाही.

तेव्हा जाहिरातीत काय लिहावं? सगळं घराबद्दल लिहावं, आणि मोकळेपणाने लिहावं. कार्पेट क्षेत्रफळ किती, मजला कोणता, लिफ्ट चालते का. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का. भाडं किती, डिपॉझिट किती, मेंटेनन्स कोणाकडे, पार्किंग आहे का, जागा कधीपासून रिकामी. एजंट मध्ये असेल तर त्याची दलाली कोण देणार आणि कराराचा खर्च कोणाच्या माथी. फोटो दिवसाउजेडी काढलेले, आणि भिंतीला ओल असेल तर तीही दाखवणारे. भाडं ‘फोनवर सांगू’ असं लिहू नये. समोरच्याचं नाव ऐकून आकडा वाढवण्याची सोय तिथेच होते. आणि अटी? अटी जरूर घालाव्यात, पण वागण्याच्या. रात्री उशिरा मोठ्याने गाणी लावू नयेत, किती माणसं राहतील ते ठरलेलं असावं, मोडतोड डिपॉझिटमधून वळती होईल. ही अट जोशींनाही लागू, कांबळेंनाही, शेखांनाही.

सोसायटीचा बागुलबुवा पुष्कळ मालक पुढे करतात. ‘मला चालेल हो, कमिटीला चालत नाही.’ भाडेकरू कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार कमिटीला नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीला भाडेकरूची माहिती आणि कराराची प्रत द्यायची असते, परवानगी मागायची नसते. ना-वापर शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. वार्षिक सभेत उठून हे एकदा ठामपणे सांगितलं, की सचिवांना तोंडी फतवे काढणं अवघड जातं.

शाकाहाराचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून त्यावर स्पष्ट बोलतो. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल, स्वयंपाकघर एकच असेल, तर त्यात काय शिजावं हे ठरवण्याचा हक्क त्याला द्यावा लागेल. स्वतंत्र फ्लॅटमध्ये, बंद दाराआड, दुसऱ्याच्या तव्यावर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘शाकाहारी’ ही अट बऱ्याचदा जात आणि धर्म न विचारता गाळण्यासाठी वापरली जाते, हे लिहिणारा जाणतो आणि वाचणाराही.

आपला कायदा इथे अपुरा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 अस्पृश्यतेच्या कारणाने राहती जागा नाकारणं गुन्हा ठरवतो, पण ‘कालच गेलं’ म्हणणाऱ्याविरुद्ध ते सिद्ध करणं कठीण. संविधानाच्या कलम 15 ची मनाई राज्यसंस्थेला, दुकानांना, हॉटेलांना, पाणवठ्यांना लागू आहे. खासगी घराच्या उंबऱ्यापाशी ती थांबते. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 रोजी, फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. त्यात लहान घरमालकांना काही सवलती आहेत, पण वंश किंवा धर्माची पसंती सांगणारी जाहिरात छापण्याची सवलत त्यांनाही नाही. आपली मुलं तिथे शिकायला जातात तेव्हा याच कायद्याच्या आधाराने घर शोधतात.

महाराष्ट्राने असा कायदा करावा. जात, धर्म, भाषा किंवा वैवाहिक स्थितीवरून भाडेकरू गाळणारी जाहिरात छापायला आणि संकेतस्थळांवर टाकायला बंदी घालावी, आणि तिची जबाबदारी मालकाइतकीच छापणाऱ्यावर ठेवावी. तोवर मराठी वर्तमानपत्रांनी कायद्याची वाट पाहू नये. अशी ओळ असलेली जाहिरात खिडकीवरच परत करावी; ती ओळ खोडून दिली, तर घ्यावी.