कवितेने दुःख सरते काय?



मन भरून आले की आपल्यातील अनेकजण रात्री वही उघडून चार ओळी लिहितात. कोणाचे शिक्षण सुटलेले असते, कोणाचा संसार मोडलेला असतो, कोणाला जातीवरून चारचौघांत अपमान गिळावा लागलेला असतो. या लिहिण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, चळवळीला हात हवेत, ओळी नकोत. दुसरा असा की, दुःख लिहिणे म्हणजे दुःखाला कुरवाळणे. जे सोडावयाचे तेच घट्ट धरून बसणे. दोन्ही आक्षेप गंभीर आहेत. त्यांचा विचार झालाच पाहिजे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर नंदुरबार जिल्ह्यात सापडते. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता तेव्हाची, म्हणजे १९७२ सालची गोष्ट. (नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला.) जमिनी हातातून गेलेले आदिवासी जमीन आणि मजुरी यांसाठी एकत्र आले व श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल समाजातील कवी वाहरू सोनवणे हे याच संघटनेचे कार्यकर्ते. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. चळवळ आणि कविता ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. एकाने दुसऱ्याला अडविले नाही.

त्यांची ‘स्टेज’ ही कविता पुष्कळांना ठाऊक आहे. व्यासपीठावरची माणसे खाली बसलेल्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगतात, हा तिचा विषय. यातील मर्म ध्यानात घ्यावे. जमीन हिरावली गेली तर ती दिसते. दुःख सांगण्याचा हक्क हिरावला गेला तर तो दिसत नाही. दुसऱ्याने, मग तो कितीही सज्जन असो, आपल्या वतीने बोलावे आणि आपण नुसते ऐकावे, याने आपले मन मोकळे होत नाही. ते मुके होते, आणि मुके झालेले मन अन्यायालाच नशीब समजू लागते. म्हणून आपले दुःख आपल्या तोंडाने सांगणे हेही चळवळीचेच काम आहे.

आता दुसरा आक्षेप. तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण देहाला लागतो. अज्ञानी माणूस त्यावर शोक करतो, छाती पिटतो, आणि मनालाही दुसरा बाण लावून घेतो. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ एवढेच पानोपानी म्हणणारी कविता हा दुसरा बाण होय. परंतु प्रत्येक कविता तशी नसते. थेरीगाथेतील मुत्ता थेरी पाहा. आपण कशातून सुटलो हे सांगताना ती उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा यांची सरळ नावे घेते. संसार असार आहे असे मोघम बोलत नाही. चार आर्यसत्यांत दुःख हे पहिले सत्य आहे. जे नीट ओळखले नाही त्याचे कारण शोधता येत नाही, आणि कारण सापडल्यावाचून निरोधाचा मार्ग सापडत नाही.

तेव्हा लिहून झाले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. जे घडले तेच मी लिहिले काय, की शोभेचे शब्द जोडले? ते कशामुळे घडले, हे आता मला अधिक स्पष्ट दिसते काय? माझ्यासारखेच सोसणाऱ्या माणसाला हे वाचून दाखविता येईल काय? उत्तर होय असेल तर तुम्ही दुःख कुरवाळलेले नाही, ओळखलेले आहे.

कवितेने गेलेली जमीन परत येत नाही, गेलेले माणूसही परत येत नाही. दुःख असह्य झाले तर वही पुरत नाही; जवळच्या माणसाचे दार ठोठवावे, त्यात कमीपणा नाही. तरीही तुम्ही धडगावच्या डोंगरात असा वा शहाद्यातील भाड्याच्या खोलीत, लिहा. घरात जी बोली बोलता तिच्यात लिहा. लिहिलेले कोणाला तरी वाचून दाखवा, आणि ज्या कारणाने ते लिहावे लागले त्या कारणाशी झगडणाऱ्यांत सामील व्हा.