पडद्यावरचा रंग कुणाच्या शब्दावर?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी प्रक्रिया करून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. ते खरोखर प्रक्रिया होऊनच सुटते का, हा पालघरच्या किनाऱ्यावरचा जुना वाद आहे. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये तो राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले, आणि ही पहिली जागा कुणालाही हवीशी नव्हती. या वादात आता मोबाईलवरच्या फोटोला मोठे वजन आले आहे. नाल्याचे पाणी लालसर दिसले किंवा खाडीत मासे मरून वर आले की कुणीतरी फोटो काढतो, दोन ओळी लिहितो आणि मेलला जोडून तो प्रदूषण नियंत्रण मंडळाला धाडतो. अधिकारी आपल्या फोनवर मेल उघडतो आणि फोटो पाहतो. त्या क्षणी त्याला काय कळले? पाणी लाल असल्याचे त्याने पाहिले, की पाणी लाल असल्याचे त्याला कुणीतरी सांगितले? ज्ञान कशाने होते आणि त्यावर कधी विसंबावे, या प्रश्नावर आपल्याकडच्या दर्शनांनी शेकडो वर्षे कसून वाद घातला आहे. तो वाद नवापूरच्या फोटोला लावून पाहिला तर निष्कर्ष एकच निघतो, असे मला वाटते. मेलमधून आलेला फोटो प्रत्यक्ष नसतो. तो शब्दप्रमाण असतो, म्हणजे कुणाची तरी साक्ष असतो, आणि त्याची खरीखोटी पारख साक्षीची करावी तशीच करावी लागते.

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या मते इंद्रियाचा वस्तूशी थेट संबंध येऊन जे ज्ञान होते ते प्रत्यक्ष. अधिकाऱ्याच्या डोळ्याचा संबंध आला तो काचेशी. काच आणि नाला यांच्यामध्ये काय काय घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. ईमेलची व्यवस्था मुळात इंग्रजी मजकूर वाहून नेण्यासाठी उभी राहिली. १९८२ च्या तिच्या नियमांत चित्राला जागा नव्हती. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत मांडली आणि चित्राला मेलमध्ये वाट मिळाली, पण मिळाली ती अक्षरांच्या रूपात. फाइलमधले दर तीन बाइट घेऊन त्यांची चार अक्षरे करायची आणि ती अक्षरमाळ मजकुरासारखी पाठवायची. त्यामुळे फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. जेपेग फोटो असेल तर ही माळ नेहमी तिरपी रेघ, नऊ, छोटा जे आणि पुन्हा तिरपी रेघ अशीच सुरू होते, मग फोटो खाडीतल्या मेलेल्या माशांचा असो की लग्नाच्या पंगतीचा. पलीकडचा फोन ती अक्षरे वाचून पुन्हा फाइल घडवतो आणि फाइलवरून चित्र रंगवतो. चित्र अक्षरे होऊन आले म्हणून ते शब्द ठरते, असा सोपा युक्तिवाद मी करत नाही. ही अक्षरे पूर्णपणे उलटवता येतात आणि त्यात एक बिंदूही हरवत नाही. त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की वस्तू आणि डोळा यांचा धागा तुटलेला आहे आणि मध्ये कुणीतरी सांगणारा उभा आहे.

हा सांगणारा काय सांगतो, हे कॅमेऱ्यापासूनच सुरू होते. फोनच्या संवेदकावर प्रत्येक बिंदूपाशी लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजला जातो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. म्हणजे फोटोतल्या रंगाच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश मोजलेले नसतात, काढलेले असतात. मग फोन उजेडाचा अंदाज बांधून पांढरा कशाला म्हणायचे ते ठरवतो, आणि त्यावर बाकीचे सगळे रंग सरकतात. संध्याकाळच्या तांबूस उन्हात काढलेल्या नाल्याच्या फोटोत हा अंदाज थोडा चुकला की गढूळ पाणी लालसर होईल किंवा लाल पाणी गढूळ होईल. त्यानंतर जेपेग करताना उजेड-अंधाराचा तपशील बराचसा राखला जातो, पण रंगाचा तपशील सहसा चार बिंदूंना मिळून एकच ठेवला जातो, कारण माणसाचा डोळा रंगातली तूट चटकन पकडत नाही. लग्नाच्या फोटोत याने काहीच बिघडत नाही. सांडपाण्याच्या तक्रारीत मात्र रंग हाच मुद्दा असतो.

पाठवताना आणखी एक निवड होते. काही फोन विचारतात, फोटो लहान करून पाठवू, मध्यम, मोठा की मूळ आकारात? डेटा वाचवायला माणूस लहान निवडतो, आणि पाण्यावरचा तवंग दाखवणारा बारीक तपशील तिथेच जातो. फोन आडवा धरून फोटो काढला की उभा, याची नोंद फाइलमध्ये एक ते आठ यांपैकी एका आकड्याने होते. ती नोंद न वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये नाला भिंतीसारखा उभा दिसतो. जोडलेला फोटो मजकुराच्या मध्येच दाखवायचा की खाली वेगळ्या चौकटीत ठेवायचा, याची सूचना पाठवणारा देऊ शकतो; १९९७ पासून त्याचे ठरलेले नियम आहेत. पण ती सूचनाच असते; निर्णय असतो मेल उघडणाऱ्याच्या फोनचा. ‘हे बघा, इथून पाणी येते’ असे लिहून त्याखाली फोटो ठेवलेला असतो, आणि पलीकडे ते वाक्य वर राहते व फोटो तळाला जातो. कुणी तो फोटो गॅलरीत उतरवून पुढे पाठवला की वाक्यही गेले आणि लिहिणाऱ्याचे नावही गेले. शेवटी पडदा. चार हजार बाय तीन हजार बिंदूंचा आडवा फोटो हजार-ऐंशी बिंदू रुंदीच्या उभ्या फोनवर मावतो तेव्हा सुमारे चौदा बिंदूंचा मिळून एक होतो. फोनवर रात्रीचा पिवळसर उजेड चालू असेल तर रंग आणखी सरकतो. दोन अधिकारी एकच मेल दोन फोनांवर उघडतात आणि दोन वेगळे रंग पाहतात.

यावर पहिला आणि सगळ्यात भक्कम आक्षेप वैशेषिकांच्या बाजूचा आहे. ते शब्दाला वेगळे प्रमाण मानतच नाहीत, त्याला अनुमानात घालतात. त्यांच्या वाटेने जाणारा म्हणेल, फोटोत बोलणारा कुणी नाही. धुरावरून अग्नी कळतो तसे चित्रातल्या लालीवरून पाण्याची लाली कळते. कॅमेरा यंत्र आहे, यंत्राला खोटे बोलण्याचा हेतू नसतो. आक्षेपात तथ्य आहे. फोटो हा प्रकाशाचा परिणाम आहे आणि परिणामावरून कारण गाठता येते. पण अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे जिथे हे तिथे ते, हा नियम कुठेही न मोडणारा हवा. नैयायिक इथे उपाधीचा प्रश्न काढतात: नियम बिनशर्त आहे, की मागे एखादी अट लपली आहे? अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण ओले लाकूड ही अट मध्ये असते. चित्रातल्या लालीमागे अशा किती अटी आहेत ते वर पाहिलेच. त्याहून मोठी अडचण अशी, की चित्र स्वतःहून फार थोडे सांगते. हे पाणी कोळवड्याच्या नाल्याचे आहे, कालच्या सकाळचे आहे, पाऊस नसताना काढलेले आहे, हे चित्रात कुठे लिहिलेले आहे? फाइलमध्ये वेळ आणि ठिकाण नोंदलेले असू शकते, पण ती नोंद बदलता येते, पुसता येते, आणि व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून फिरलेल्या चित्रातून ती निघून गेलेली असते. ‘हा नाला, ही वेळ’ हे सांगतो माणूस. ते वाक्य काढून घेतले तर उरतो कुठल्यातरी पाण्याचा कसलातरी रंग, आणि त्यावरून कुणावर बोट ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप डोळ्याबद्दलचा आहे. डोळाही काही स्वच्छ खिडकी नाही. मेंदूही उजेडाचा अंदाज बांधतो, रंग दुरुस्त करतो. मग कॅमेऱ्यालाच वेगळा न्याय का? बौद्ध तार्किक दिङ्नागानेही प्रत्यक्षातून कल्पना काढून टाकायला सांगितले होते. पण नाल्याकाठी उभा असलेला माणूस दोन पावले पुढे जाऊ शकतो, मान वळवून पाणी कुठल्या पाइपातून येते ते पाहू शकतो, वास घेऊ शकतो. त्याची चूक त्याच्याच पुढच्या अनुभवाने दुरुस्त होते. फोटो पाहणाऱ्याला हे करता येत नाही. चित्र मोठे करून बिंदू फुटेपर्यंत पाहिले तरी चौकटीबाहेरचा पाइप दिसणार नाही. शंका फेडायची तर कुणाला तरी विचारावे लागते, आणि जिथे शंका फेडायला सांगणाऱ्याकडेच जावे लागते तिथे आपण शब्दाच्या प्रांतात असतो. तारापूरच्या माणसाला हे नवे नाही. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र आहे, आणि किरणोत्सर्ग डोळ्याला दिसत नाही, साध्या फोटोतही येत नाही. मोजणाऱ्याच्या शब्दावरच तिथला माणूस जगत आला आहे.

कायदाही याच बाजूने झुकतो, हे मला महत्त्वाचे वाटते. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात प्रश्न होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत माणसाच्या सहीचा दाखला हवाच. मूळ उपकरणाचा मालक ते उपकरण घेऊन स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर मात्र दाखल्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने हा दाखला कायम ठेवला. चित्र स्वयंसिद्ध असते तर कुणाच्या सहीचे काय काम होते? पाण्याचे पाहा. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सील करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. बाटलीतले पाणी तर खुद्द वस्तू आहे, चित्र नव्हे. तरीही ते कुठून आले हे माणसाच्या सहीशिवाय कळत नाही, हे कायद्याने ओळखले.

इथे कुणी रागावून म्हणेल, ही सगळी शहाणीव प्रदूषण करणाऱ्यांच्या पथ्यावर पडणार. फोटो ‘नुसती साक्ष’ ठरला की तक्रार केराच्या टोपलीत टाकायला साहेब मोकळे. ही भीती खरी आहे, पण ती ‘नुसती’ या शब्दात आहे. न्यायदर्शनात शब्द हे दुय्यम प्रमाण नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला ते चौथे पूर्ण प्रमाण आहे. त्याला आप्त हवा, एवढीच अट. आणि आप्त कोण, याचे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असे तो स्पष्टपणे लिहितो. पद नाही, जात नाही, शिक्का नाही. दांडी-नवापूरच्या खाडीत रोज जाळे टाकणारी मांगेलीण या व्याख्येत बसते. पाण्याचा रंग काल काय होता आणि आज काय आहे, हे तिच्याइतके कुणी जाणत नाही. फोटोला प्रत्यक्ष मानले की ती अदृश्य होते आणि चर्चा फक्त फोटोच्या खरेपणावर, छेडछाडीवर, पिक्सेलवर होते. फोटोला शब्द मानले की तिला विचारावे लागते: तुम्ही काय पाहिलेत, कधी पाहिलेत, याआधी असे केव्हा झाले होते? तिची बाजू इथे कमजोर होत नाही, ती पहिल्यांदा ऐकली जाते.

मीमांसकांची भर इथे कामाची आहे. ज्ञान स्वतःहून प्रमाण असते, बाधक पुढे आले तरच ते सोडायचे, असे ते म्हणतात. नैयायिक उलट म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासून ठरते. दोघांना एकमेकांविरुद्ध लढवण्यापेक्षा त्यांना दोन टप्प्यांवर बसवावे असे मला वाटते. दंड ठोठावताना नैयायिकाची कडक तपासणी हवी: नमुना, सील, सह्या, दाखला. पण चौकशी सुरू करताना मीमांसकाचा विश्वास पुरे. नाव-गाव देऊन, मूळ आकाराचा फोटो जोडून, वेळ आणि जागा लिहून कुणी मेल केला असेल, तर खोटेपणाचा पुरावा हाती येईपर्यंत तो खरा धरून माणूस धाडणे हे मंडळाचे काम आहे. आधी तुम्ही सिद्ध करा, मग आम्ही येतो, हा क्रमच उलटा आहे.

एक प्रश्न मात्र अवघड राहतो. कारखान्याच्या आत रात्रपाळीला असलेला कंत्राटी कामगार फोटो काढतो आणि नाव न देता पाठवतो, कारण नाव कळले तर काम जाईल. शब्दाला आप्त लागतो, आणि इथे आप्त कोण ते माहीत नाही. मग त्याचा फोटो टाकून द्यायचा का? त्याचे नाव फक्त कार्यालयाला कळेल आणि बाहेर जाणार नाही, अशी सोय हा चांगला मार्ग आहे, पण ती नसताना काय? अशा फोटोला पूर्ण प्रमाण म्हणता येणार नाही, हे मान्य करायला हवे. निनावी मेलवरून कुणाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. पण न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांच्या यादीत प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग तिसरा येतो तो संशय. ज्यात संशय आहे त्याचाच विचार सुरू होतो. संशय ही तिथे चूक नाही, विचाराचा उंबरठा आहे. निनावी फोटो रास्त संशय नक्की उभा करतो, आणि त्याच नाल्याचे, वेगवेगळ्या फोनांवरून काढलेले, एकमेकांशी संबंध नसलेल्यांचे तीन-चार फोटो आले तर तो अधिकच ठळक होतो. तेवढ्यावर बाटल्या घेऊन नाल्यावर जाता येते. जाण्याआधी फोटो खरा ठरला पाहिजे, अशी अट न्यायशास्त्रात नाही, आणि १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ मध्येही नाही.