खेळाला जागा हवी

अमेरिकेतील आपल्या घरांतून हल्ली एक मागणी ऐकू येते. मुले म्हणतात, "फोन कमी करतो, खेळायला छोटा कॉम्प्युटर घेऊन द्या." वडीलधारी मंडळी विचारतात, एक पडदा गेला नि दुसरा आला, यात मिळवले काय?

प्रश्न रास्त आहे. परंतु आमच्या मते दोष खेळात नाही. शेवट नसण्यात आहे. अमेरिकेतच २००६ साली एझा रास्किन यांनी न संपणारे पान तयार केले आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पान संपले की मन विचारते, "पुरे का?" तो प्रश्नच त्या पानाने काढून घेतला.

कॉम्प्युटरला निदान जागा असते. २००१ साली निघालेला मिनी-आयटीएक्स बोर्ड जेमतेम १७ सेंटिमीटर लांबरुंद. त्यावर बांधलेली पेटी दिवाणखान्यातील टेबलावर, चारचौघांसमोर मावते. खेळून उठले की ती मागे राहते. २०२२ साली आलेला, हातात धरायचा स्टीम डेक पांघरुणातही शिरतो. म्हणून आम्ही टेबलाचाच पक्ष घेऊ. न संपणारे खेळ तेथेही आहेत. त्यांना हीच कसोटी लावावी.

मात्र नियम मुलांपुरता नको. ठाण्याच्या बहिणीशी, अश्दोदच्या भावाशी बोलणे सोडा असे कोण म्हणेल? त्या बोलण्याला शेवट असतो. दोघे निरोप घेतात. त्यानंतरही आपला अंगठा पडद्यावर फिरत राहतो, तो मुले पाहत असतात. आधी तो थांबवावा, मग मुलांशी बोलावे.